अंड्यांवर साडेचार वर्षे

कुठे काळाबाजार उघडकीस आला की 'ऑक्टोपसचा विळखा' हा मथळा ठरलेला. आम्हीही तो वापरला आहे. पण या आठ हातांच्या प्राण्याविषयी वाचू लागलो आणि त्याच्यावर अन्यायच झाला असे आम्हांला वाटू लागले.

ऑक्टोपस म्हणजे गोगलगाय-शिंपल्यांचा दूरचा भाऊबंद. अंगात एकही हाड नाही. हृदये मात्र तीन. रक्त निळे, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असते. सुमारे ५० कोटी चेतापेशी, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक डोक्यात नसून हातांत! न्यूझीलंडच्या नेपियर येथील मत्स्यालयातला 'इंकी' २०१६ साली रात्री टाकीच्या फटीतून निसटला, फरशीवरून सरपटत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या नळातून थेट समुद्रात पोहोचला. इंडोनेशियातले काही ऑक्टोपस तर नारळाच्या करवंट्या बरोबर घेऊन हिंडतात आणि वेळ आली की त्यांत दडतात.

एवढ्या हुशारीला आयुष्य मात्र तोकडे. बहुतेक जाती एक-दोन वर्षेच जगतात. मादी एकदाच अंडी घालते, अन्न सोडते, अंडी राखते आणि मरते.

हे मातृप्रेम म्हणायचे काय? अमेरिकेतील जेरोम वोडिन्स्की यांचा प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मादीच्या डोळ्यांजवळच्या दोन ग्रंथी काढल्या. तिने अंडी सोडली, पुन्हा खाऊ लागली आणि अधिक काळ जगली. म्हणजे हा ग्रंथींचा हुकूम! तरीही पुढची हकिकत वाचताना आमचे मन हलले.

मे २००७. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, माँटेरेच्या सागरी दरीत, सुमारे १४०० मीटर खोल अंधारात शास्त्रज्ञांच्या यंत्राला कड्याला चिकटून अंड्यांवर बसलेली एक मादी दिसली. अंगावरच्या व्रणांमुळे ती नेमकी ओळखू येई. पुढच्या साडेचार वर्षांत ते अठरा वेळा तेथे गेले. दर वेळी ती तिथेच. यंत्राच्या हाताने खेकड्याचा तुकडा पुढे केला, तोही तिने घेतला नाही. आसपासचे खेकडे अंड्यांजवळ आले तर नुसते बाजूला सारी. हळूहळू कातडी फिकी पडून लोंबू लागली, डोळे गढूळ झाले.

सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. पुढच्या महिन्यात कड्यावर ती नव्हती. फक्त अंड्यांची रिकामी, फाटकी वेष्टने होती. त्या गार पाण्यात पिल्ले सावकाश वाढतात, पण बाहेर पडतात ती स्वतःची शिकार स्वतः करण्याइतकी तयार होऊनच.