फोटोला ऊन नाही, हवा बाधते

घरच्या प्रिंटरवर छापलेला आजोबांचा फोटो दोन वर्षांत तांबूस झाला; नव्या प्रतीवर लॅकरचा स्प्रे मारला तर टिकेल का, असं एका वाचकांनी विचारलंय. भिंतीवर ऊन येत नाही, हेही आवर्जून कळवलंय.

ऊन नसलं तरी हवा आहे ना! चकचकीत इंकजेट कागदावर बहुधा सिलिकासारख्या सूक्ष्म कणांचा थर असतो, अगदी मुरमुऱ्यांच्या ढिगासारखा. फटींतून शाई झटकन आत मुरते, म्हणून प्रिंट लगेच कोरडी लागते. पण त्याच फटींतून हवा शिरते आणि तिच्यासोबत ओझोन. वाहनांच्या धुरावर ऊन पडलं की तो जमिनीलगत तयार होतो; आपल्या पुण्यात दोन्हींची ददात नाही. ओझोन रंगाच्या रेणूंतले दुहेरी बंध तोडतो. आधी निळी शाई जाते, मागे उरतो तांबूसपणा. २००० साली एप्सनच्या ‘स्टायलस फोटो ८७०’चा टिकाऊपणासाठी गाजावाजा झाला आणि अनेकांचे फोटो काही आठवड्यांतच नारिंगी पडले. चाचणी उजेडाची झाली होती, हवेचा हिशेब राहिला होता! तेव्हापासून खोक्यावर ‘१०० वर्षं’ दिसलं की मी आधी बारीक अक्षरं वाचतो.

लॅकरचा लेप कागदाच्या या फटी बुजवतो, म्हणून त्याचा उपयोग होतो. पण लेपही म्हातारा होतो. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. तिथल्या ओलिओग्राफवर, म्हणजे रंगीत छापील चित्रांवर, तैलचित्राची झळाळी यावी म्हणून व्हार्निश चढवत. असं व्हार्निश हवेतल्या ऑक्सिजनने पिवळं पडतं, आणि मग लक्ष्मीची गोरी कांतीही हळदीच्या अंगाची दिसू लागते. चित्रकाराचा त्यात काय दोष?

स्प्रे मारायचाच तर निदान पावसाळ्यात नको. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि फोटोतल्या काळ्या कोटावर पांढुरका धुरकटपणा येतो. कोरड्या दिवशी, प्रिंट चोवीस तास वाळू देऊन, उघड्या गच्चीवर, मास्क लावून, पातळ हात द्यावेत. आधी रद्दी प्रिंटवर. गरम लॅमिनेशन मात्र टाळा, ते पुन्हा सोडवता येत नाही.

माझं मत विचाराल तर आजोबांचा फोटो पिगमेंट शाईत छापून घ्या. तिच्या कणात असंख्य रेणू एकत्र असतात, ओझोनला वरचेच सापडतात. मग माउंट घालून काचेच्या बंद फ्रेममध्ये लावा. स्प्रे काचेविना टांगायच्या कॅनव्हाससाठी ठेवा, आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपा.