कोणत्या दारी दाद मागावी?

शासनाची तीन अंगे कोणती, असे विचारले की शाळेतली मुले घडाघडा सांगतात: विधिमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका. त्यांना गुणही मिळतात. परंतु पुढे संसारात एखादा सरकारी कागद हाती आला, म्हणजे तो यांपैकी कोणत्या अंगाचा, हे भल्याभल्यांना उमजत नाही.

आमच्या परिचयातील एका काकूंची गोष्ट सांगतो. इंदूरजवळच्या एका खेड्यात त्यांच्या यजमानांची थोडी शेतजमीन होती. यजमान निवर्तल्यावर मृत्युपत्राच्या आधारे तहसीलदारांनी नामांतरणाचा आदेश दिला आणि खसऱ्यात काकूंचे नाव चढले. (पुण्याच्या पाहुण्यांना हे शब्द कळत नाहीत, त्यांच्याकडे फेरफार आणि सातबारा!) चार वर्षांनी पुतण्यांनी ते मृत्युपत्रच खोटे असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात लावला. काकू समन्स घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, सरकारनेच नाव लावले ना? मग आता हे न्यायाधीश मध्येच कोण?"

प्रश्न साधा होता; उत्तर देता देता दिवेलागण झाली.

तहसीलदार न्यायासनावर बसल्यासारखे दिसतात, पुकारा होतो, वकील उभे राहतात. तरीही ते कार्यपालिकेचे अधिकारी. मध्य प्रदेशाची भू-राजस्व संहिता 1959 ची. तिच्या आधारे ते जी नोंद करतात, ती मुख्यतः महसुलाच्या कामासाठी. जमिनीची मालकी कोणाची, याचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले: नामांतरणाने मालकी प्राप्त होत नाही आणि मृत्युपत्राविषयी वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच गेले पाहिजे.

दोन शिड्या निराळ्या आहेत. महसुलाची शिडी तहसीलदारापासून अनुविभागीय अधिकाऱ्यांकडे चढत जाते आणि तिची वरची पायरी ग्वाल्हेरच्या राजस्व मंडळाची. दिवाणी शिडी जिल्ह्याच्या न्यायालयांतून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे आणि तेथून दिल्लीस जाते.

राजस्व मंडळ ग्वाल्हेरला का, असे काकूंनी विचारलेच. त्यात आपल्या जुन्या संस्थानांचा इतिहास आहे. 1948 साली झालेल्या मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश जन्मास आले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत घालावी तशी वाटणी झाली. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला, राजस्व मंडळ ग्वाल्हेरला; लोकसेवा आयोग आपल्या इंदूरला मिळाला. उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला नागपूरहून जबलपूरला आले, कारण जुन्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपुरात होते आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. इंदूर व ग्वाल्हेर येथील खंडपीठे 1968 साली कायम झाली. नाहीतर आपल्याला प्रत्येक अपिलासाठी जबलपूरची गाडी धरावी लागती.

"मग आमदारसाहेबांना भेटू का?" हा काकूंचा पुढचा प्रश्न. भेटावे की! रस्ता, शाळेची इमारत, अडलेले निवृत्तिवेतन यांसाठी अवश्य भेटावे. भोपाळचे 230 आमदार कायदा करतात, अंदाजपत्रक मंजूर करतात, मंत्र्यांना सभागृहात जाब विचारतात. न्यायालयापुढे चालू असलेल्या एका दाव्याचा निकाल मात्र त्यांच्या हाती नाही, मुख्यमंत्र्यांच्याही नाही. कलेक्टरांना आजही जिल्हा दंडाधिकारी म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. जमावबंदीचा हुकूम त्यांचा. पण चोरीचा खटला न्यायिक दंडाधिकारीच चालवितात. ही फारकत देशभर 1 एप्रिल 1974 पासून पक्की झाली. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या सुधारणांत ती मोजावयास हवी, जरी तिचा उत्सव कोणी करीत नाही.

काकूंना मी एवढेच विचारले, "मृत्युपत्रावर साक्षीदार कोण होते?" कायद्याने दोन लागतात आणि मृत्युपत्र शाबीत करताना त्यांपैकी एक तरी हयात असल्यास त्याची साक्ष घ्यावी लागते. एक साक्षीदार गेले. दुसरे देवासला मुलाकडे राहतात, वय 81. पुढच्या तारखेला त्यांना मोटारीने इंदूरला आणण्याची व्यवस्था काकूंच्या जावयांनी केली आहे.