पालघरच्या किनाऱ्यावरील कातळाची मोजणी

दांडी, नवापूर, मुरबे या पालघर तालुक्यातील गावांच्या जमिनीची मोजणी होऊन शिवार, हद्द आणि पोटखराबा यांचा तपशील महसुली दप्तरात नमूद झाला आहे. परंतु त्या जमिनीखालच्या पाषाणाची कैफियत वाचावयाची, तर ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या कातळाकडेच जावे लागते.

हा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लोटलेल्या लाव्ह्याचा असून, 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लँफर्ड यांनी पुढील दोन दशकांतच पश्चिम भारतातील त्याच्या थरांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. वरवर पाहता सारा पाषाण एकसारखाच काळा दिसतो. तथापि प्रत्येक लाव्हाप्रवाहाच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली आणि पुढे झिओलाइटच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली छिद्रे असतात, त्याच्या गाभ्यात दगड घट्ट होत जातो, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातकट खडकाचा पट्टा आढळतो. या खुणांवरून थराची सीमा निश्चित करावयाची, होकायंत्राने त्याची दिशा व नतिमापकाने त्याचा उतार नोंदवावयाचा, आणि अशी विखुरलेली निरीक्षणे नकाशावर जोडीत जावयाचे, हीच या मोजणीची रीत होय.

सह्याद्रीच्या कड्यांत जवळजवळ आडवे दिसणारे हेच थर उत्तर कोकणात पश्चिमेकडे कलतात. पनवेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दक्षिणोत्तर वाकाची चर्चा भूवैज्ञानिक ऑडेन यांनी 1949 साली, पश्चिम भारतातील भित्तींवरील आपल्या निबंधात केली. लाव्ह्याचे थर भेदून उभ्या शिरलेल्या दगडी भिंतींना भित्ती म्हणतात. लगतच्या थंड खडकामुळे त्यांच्या कडा लवकर गोठून बारीक कणांच्या झाल्या, तर मध्यभाग सावकाश निवल्याने जाडसर कणांचा राहिला. भारतभूमीपासून सेशेल्सचा भूखंड विलग होताना किनाऱ्यालगतचे कवच ताणले गेले, त्याचीच साक्ष हा वाक व अनेक भित्ती देतात, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे.

ही केवळ पुरातन काळाची हकीकत नव्हे. भेगाळलेला खडक पाणी वाहून नेतो, तर अभंग भित्ती ते अडविते. म्हणून किनाऱ्यालगतच्या विहिरींतील गोड्या पाण्याचा आणि भूगर्भातून आत शिरू पाहणाऱ्या खाऱ्या पाण्याचा विचार या रचनेवाचून पुरा होत नाही. कोकनेर व सातिवली येथील उष्ण झरे खोल भेगांची वार्ता देतात, आणि डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून जाणवू लागलेल्या भूकंपांच्या मालिकेने कवचातील ताणाची जाणीव घरोघरी पोहोचविली. ज्या किनाऱ्यावर 1969 पासून तारापूरचे अणुविद्युत केंद्र चालू आहे आणि जेथे वाढवण बंदरास 2024 साली मंजुरी मिळाली, त्या किनाऱ्याचा प्रत्येक थर, भेग व भित्ती दाखविणारा गाववार नकाशा मराठीत सिद्ध करून ग्रामपंचायतींच्या हाती देणे, हे सरकारचे कर्तव्य आहे. कारण विहिरीची जागा ठरविण्यापासून प्रकल्पाविषयी प्रश्न विचारण्यापर्यंत जे निर्णय ग्रामस्थांना घ्यावे लागतात, त्यांना आधार हवा तो याच माहितीचा.