छापयंत्राचा बहुरूपी

भिवंडी तालुक्यांतील पडघा हें गांव जुन्या पिढीस मुंबई-आग्रा रस्त्यावरील म्हणून ठाऊक आहे, आणि वीजखात्यांतल्या मंडळींस निराळ्याच कारणानें. चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश विजेची वाहिनी पडघ्यास येऊन संपते. तेथील अजस्र यंत्रें त्या विजेचें रूपांतर आपल्या घरांतील दिव्या-पंख्यांस मानवेल अशा विजेंत करून देतात. परंतु आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों ती हकीगत या यंत्रांची नव्हे. त्याच गांवांत, आमच्या चुलत बंधूंच्या घरीं, बोटाएवढ्या एका पट्टीनें भाषांतराचें असेंच एक काम केलें, त्याची ती आहे.

‘गेम बॉय’ हें हातांत धरून खेळावयाचें खेळणें निंटेंडो या जपानी कंपनीनें १९८९ सालीं बाजारांत आणलें. १९९८ सालीं त्याच कंपनीनें त्यास दोन जोड दिले. एक कॅमेरा आणि दुसरा लहानसा प्रिंटर. कॅमेरा म्हणजे खेळण्याच्या पाठींत खोंचावयाची डबी. तिच्या डोक्यावर फिरता डोळा. तींत ३० छायाचित्रें मावतात; प्रत्येक १२८ ठिपके रुंद व ११२ ठिपके उंच, आणि छटा अवघ्या चार. आजच्या फोनच्या मानानें ही सामग्री हास्यास्पद वाटेल खरी. पण १९९८ सालीं मुलांच्या हातीं द्यावयाचा, फिल्म न लागणारा कॅमेरा ही नवलाची गोष्ट होती.

आमच्या बंधूंनीं परदेशांतून परततांना मुलासाठीं हें खेळणें व कॅमेरा आणला; प्रिंटर मात्र राहिला. त्या वेळीं कोणास त्याचें विशेष वाटलें नाहीं. मुलगा तेव्हां दहा वर्षांचा. त्यानें घरभर हिंडून चित्रें टिपलीं, आणि त्यांत आमच्या काकूंचीं, म्हणजे त्याच्या आजीचीं, चार होतीं. फोटो काढल्यानें आयुष्य उणें होतें अशी काकूंची जुनी समजूत. लग्नकार्यांतसुद्धां फोटोग्राफर दिसला कीं त्या माजघरांत जात. नातवाच्या हातांतलें तें खेळणें म्हणजे कॅमेरा आहे हें त्यांस कोणी सांगितलें नाहीं, म्हणून त्या अंगणांत सूप घेऊन निवांत बसून राहिल्या. त्यांस जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. घरांत त्यांचें दुसरें एकही छायाचित्र नाहीं.

अडचण अशी कीं, कॅमेऱ्यांतील चित्रें एका लहानशा बॅटरीच्या आधारावर जिवंत असतात. डबीच्या आंत चपट्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती स्मरणास धरून ठेवते. बॅटरी संपली कीं सर्व चित्रें एका क्षणांत नाहींशीं होतात, आणि मागें डागही उरत नाहीं. शहरांतील एका दुरुस्तीच्या दुकानदारानें "बॅटरी बदलून देतों, दहा मिनिटांचें काम" असें मोठ्या उत्साहानें सांगितलें होतें. ती काढतांच आंतील सर्व पुसलें जाईल, हें त्या गृहस्थाच्या गांवींही नव्हतें! सुदैवानें आमचा पुतण्या आतां इंजिनिअर आहे, व त्यानें डबी त्या दुकानांत ठेविली नाहीं.

मग चित्रें बाहेर काढावयाचीं कशीं? डबीचें स्मरण थेट वाचणारीं उपकरणें मिळतात, आणि कित्येक जाणते तोच मार्ग पसंत करितात. पुतण्याच्या मनांत मात्र डबी जागची हलवूं नये असें होतें. इतक्या वर्षांच्या बॅटरीचा भरंवसा किती धरावा? खेळण्यास स्वतःहून चित्र बाहेर देण्याची एक वाट ठाऊक होती, ती म्हणजे प्रिंटरची. प्रिंटर घरांत नव्हता आणि कारखान्यांतून निघणें केव्हांच बंद झालें होतें. तेव्हां खेळण्यास प्रिंटर जोडला आहे असें भासवावें, एवढाच उपाय उरला.

या विद्येस ‘एम्युलेशन’ म्हणतात. आम्हांस मात्र आपला बहुरूपी आठवतो. फौजदाराचें सोंग घेऊन तो दारांत उभा राही, तेव्हां घरची मंडळी फसत तीं त्याच्या डगल्यास नव्हे; फौजदार काय विचारतो व कशास काय उत्तर देतो, हें त्यास मुखोद्गत असे. येथेंही तसेंच. ना कागद, ना छापण्याचें डोकें. एक ‘अर्डुइनो नॅनो’ नांवाची पट्टी, चार तारा, आणि प्रिंटरची बोली.

ही बोली समजून घेण्याजोगी आहे. संभाषणाचा ताल गेम बॉय धरतो. एका तारेंतून सेकंदास ८१९२ ठोके येतात. प्रत्येक ठोक्यासरशीं एका तारेनें एक बिट जातो व दुसरीनें एक परत येतो. आठ बिटांचा एक बाइट. चौथी तार जमिनीची. प्रत्येक निरोपाच्या आरंभीं १३६ व ५१ हे दोन आंकडे येतात; पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ व ‘सा. न. वि. वि.’ असावें तसे. त्यापुढें आज्ञा: १ म्हणजे सज्ज हो, ४ म्हणजे चित्राचा मजकूर घे, २ म्हणजे छाप, आणि १५ म्हणजे तुझें काय चाललें आहे तें सांग. मग मजकुराची लांबी, मजकूर, आणि शेवटीं सर्व आंकड्यांची बेरीज. मनिऑर्डरीवर रक्कम अंकीं लिहून पुन्हां अक्षरीं लिहितात, तोच हा हेतु. वाटेंत कांहीं बिघडलें तर बेरीज जुळत नाहीं. इतकें झाल्यावर गेम बॉय दोन रिकामे बाइट पाठवितो, आणि तेवढ्या अवकाशांत प्रिंटरनें उत्तर द्यावयाचें असतें. पहिलें उत्तर १२९, म्हणजे "हजर आहें". दुसऱ्यांत प्रकृतीचें वर्तमान: कागद अडकला, बॅटरी उतरली, बेरीज चुकली, छपाई चालू आहे, इत्यादि.

चित्राची मांडणी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आहे. आठ ठिपके रुंद व आठ उंच अशी एक चौकट. एका ओळींत २० चौकटी, अशा १८ ओळी. कॅमेऱ्याचें चित्र त्याच्या भोंवतालच्या नक्षीसह १६० गुणिलें १४४ ठिपक्यांचें होतें. चार छटांस दोन बिट पुरतात, म्हणून चौकटीस १६ बाइट, आणि अवघ्या चित्रास ५७६०. गेम बॉय दोन दोन ओळी, म्हणजे ६४० बाइट, एका खेपेस पाठवितो. नऊ खेपांत चित्र पुरें. आतां गंमत पाहा, या पट्टीचें तात्पुरतें स्मरण अवघें २०४८ बाइटांचें! सबंध चित्र तींत मावणेंच शक्य नाहीं. म्हणून प्रत्येक खेप हातीं येतांच ती दुसऱ्या बाजूनें लॅपटॉपकडे लोटावी लागते. विहिरीवरून घागर आणून हौदांत रिकामी करावी, आणि पुन्हां विहिरीवर जावें, तसें हें काम.

वेळेची ओढाताण मात्र आम्हांस वाटली होती तितकी नाहीं. पट्टीचें घड्याळ सेकंदास एक कोटी साठ लक्ष टोले देतें. म्हणजे गेम बॉयच्या दोन ठोक्यांमध्यें तिला सुमारें १९५० टोल्यांची उसंत मिळते. अट एकच, कीं ठोका चुकतां कामा नये. यासाठीं पट्टीस ‘इंटरप्ट’ची सोय आहे. हातांतलें काम कोणतेंही असो, ठोका पडतांच तें तसेंच ठेवून बिट घ्यावयाचा, बिट द्यावयाचा, आणि मग जेथें सोडलें तेथून पुढें चालावयाचें. आपल्याकडील सुना जेवतां जेवतां दाराची कडी वाजली कीं उठत, त्याची आठवण आम्हांस झाल्यावांचून राहिली नाहीं.

जगांतील हौशी लोकांनीं हें कोडें पूर्वींच सोडवून प्रोग्रॅम सर्वांस मोकळा ठेविला आहे. तरी पुतण्यानें आधीं तो स्वतः लिहून पाहिला. पहिल्या दिवशीं खेळणें मुळीं बोलेचना. "काका, हा नमस्कार करतो, पण माझें उत्तर ऐकत नाहीं," असें तो रात्रीं म्हणाला. जोडतारेंत जाणारी व येणारी या तारा एका टोंकास उलट केलेल्या असतात, आणि तारांचे रंग प्रत्येक कारखान्याचे निराळे. मीटर लावून एकेक तार तपासल्यावर सकाळीं उत्तर पोंचलें. दुसरी खोच याहून मौजेची. पट्टीस कांहींच छापावयाचें नसल्यामुळें ती "झालें" म्हणून तत्काळ कळवी. आणि खऱ्या प्रिंटरची सवय असलेलें खेळणें गोंधळून जाई. शेवटीं तिला सोंग पुरतें वठविण्यास शिकविलें: आधीं ८, म्हणजे मजकूर पोंचला, मग थोडा वेळ ६, म्हणजे छापीत आहें, मग ४, म्हणजे झालें. त्याबरोबर गाडी सुरळीत चालूं लागली.

एका चित्रास सहा-सात सेकंद लागत. तिसांपैकीं बावीस जागा भरलेल्या निघाल्या. पहिलीं कित्येक चित्रें आढ्याचीं, मांजराचीं व मुलाच्या स्वतःच्या नाकाचीं. चौदाव्या चित्रास वहिनी लॅपटॉपजवळ वांकल्या. चेहरा म्हणाल तर चार छटांचे चौकोन. डोळे कोठें, चष्मा कोठें हें आम्हांस कळेना. वहिनी मात्र म्हणाल्या, "अहो, सासूबाई डावा खांदा असाच वर उचलून बसत." पुढें सुपांतले तांदूळ पांढऱ्या ठिपक्यांत स्पष्ट दिसत होते. बंधु उठून पडवींत गेले, आणि बराच वेळ आंत आले नाहींत.

त्या वेळीं खरा प्रिंटर घेतला असता तर? आम्हांस वाटतें, आज हातांत कोरे कागदच उरले असते. त्या प्रिंटरला शाई नसते. ३८ मिलीमीटर रुंदीच्या, उष्णतेनें काळा पडणाऱ्या कागदावर तो चित्र उमटवितो. दुकानांतील यंत्राच्या पावत्या याच जातीच्या, आणि पाकिटांत ठेविलेली पावती वर्ष-दोन वर्षांत कशी फिकी पडते हें सर्वांस ठाऊक आहे. ऊन, तेलकट हात, प्लॅस्टिकचें वेष्टन, हे त्या कागदाचे वैरी.

ज्यांच्या घरीं अशी डबी पडून असेल त्यांनीं आधीं चित्रें काढून घ्यावींत व मगच बॅटरीस हात लावावा. पट्टी कांहीं शें रुपयांत मिळते; मात्र ती पांच व्होल्टची असावी, कारण जुन्या गेम बॉयच्या तारांतही पांच व्होल्ट असतात, आणि ३.३ व्होल्टच्या पट्टीस मध्यें दाब उतरविणारा जोड लागतो. चित्र मोठें करितांना संगणकास तें गुळगुळीत करूं देऊं नये, नाहींतर ठिपके विरघळून नुसतें धुकें उरतें. प्रत्येक ठिपक्याचे उभे-आडवे आठ-आठ ठिपके करावे, म्हणजे १२८० गुणिलें ११५२ असें चित्र होतें. पडघ्याच्या घरीं तेवढेंच करून, साध्या जाड कागदावर शाईनें छापून, काकूंचीं चारही चित्रें देवघराबाहेरच्या भिंतीवर लाविलीं आहेत.