पटसंख्या चौतीस

गेल्या हिवाळ्यात झारखंडमधील संथाल परगण्यातील एका छोट्या विशेष शाळेचा हजेरीपट मी दुसऱ्यांदा हाती घेतला. पहिल्यांदा तो सेवेत असताना, सुमारे वीस वर्षांपूर्वी पाहिला होता आणि फाइलवर शेरा मारला होता : ‘पटसंख्या अल्प, अनुदानाच्या औचित्याचा फेरविचार व्हावा.’ त्या शेऱ्यापायी पुढील दोन वर्षे अनुदान रखडले आणि एक शिक्षिका शाळा सोडून गेली, हे मला यंदा कळले.

आज पटावर ३४ मुले आहेत. वीस बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली, आठ सेरेब्रल पाल्सीची, सहा एकाहून अधिक अक्षमतांची. मुली अवघ्या नऊ. मुलाला शाळेत पोहोचवायला घरात कोणी ना कोणी मोकळे असते. मुलीसाठी तसे कोणी सापडत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवतो. आपल्याकडील आरंभीच्या विशेष शाळा, अमृतसरची १८८७ ची अंधशाळा किंवा कोलकात्याची १८९३ ची मूकबधिर शाळा, एकेका अक्षमतेसाठी निघाल्या. सरकारी रकानेही त्याच साच्यात घडले. १९९५ च्या कायद्यात अक्षमतांचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. लहान गावातल्या शाळेला मात्र निवड करण्याची चैन परवडत नाही. दारात येईल ते मूल तिचे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तात्पुरते म्हणून जे प्रमाण घालून दिले, ते सेरेब्रल पाल्सीसाठी आठ मुलांमागे एक शिक्षक, बौद्धिक अक्षमता व स्वमग्नतेसाठी पाचांमागे एक आणि एकाहून अधिक अक्षमता असल्यास दोघांमागे एक असे होते. या हिशेबाने येथे आठ शिक्षक हवेत. आहेत तीन. जिला मी ‘अल्प’ म्हटले, ती शाळा क्षमतेबाहेर भरलेली आहे!

भाषेचा प्रश्न तर पटावर दिसतच नाही. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी संथाली बोलली जाते. २००३ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. पण यांतील बहुतेकांची बुद्धिमापन चाचणी हिंदीत झाली. ‘‘सर, जे मूल प्रश्नच समजले नाही म्हणून गप्प बसले, त्याचीही टक्केवारी प्रमाणपत्रावर कायमची उमटते,’’ मुख्याध्यापिका म्हणाल्या. सगळे त्यांना दीदी म्हणतात. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के भरले नाहीत, तर कायद्यातील बहुतेक लाभ मिळत नाहीत आणि प्रमाणपत्रच नसेल, तर मूल अनुदानाच्या हिशेबात धरले जात नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार ५ ते १९ वयोगटातील सुमारे २७ टक्के दिव्यांग मुलांनी शाळेची पायरीच चढलेली नव्हती. अशी मुले शोधून आणणे हे या तिघींचे दुसरे काम. रविवारी त्या आठवडे बाजारात जाऊन बसतात. तिथे दूरदूरच्या गावांतली माणसे भेटतात.

मी निघालो तेव्हा एक आजी अकरा वर्षांच्या नातीला घेऊन ओसरीवर उभी होती. चार कोस चालून आली होती. वैद्यकीय मंडळाची पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. दीदींनी पट उघडला आणि चौतिसाव्या नावाखाली मुलीचे नाव पेन्सिलीने लिहिले.