बारातल्या तीन

मावशीच्या केमोत सगळ्यात लक्षात राहिला तो औषधाचा लाल रंग. डॉक्सोरुबिसिन. गाठ लिंबाएवढी, औषध मात्र अंगभर फिरायचं. केस गेले, दर वेळी हृदयाचीही तपासणी. म्हणून शेजारची मुलगी, फार्मसीत पीएचडी करणारी, "काकू, तेच औषध मी कोळंबीच्या सालांच्या पापडात घालते" म्हणाली, तेव्हा मी तिच्या मागे प्रयोगशाळेत गेले.

दारातच व्हिनेगरचा वास. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेलं कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, त्याला ॲसेटिक आम्ल लागतं. त्यात चिकणमाती पडते, मॉन्टमोरिलोनाइट. तिचा एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड. औषध या पापुद्र्यांत अडकून बसतं. माती नसेल तर ही पापडासारखी फिल्म ओली होताच बरंचसं औषध पहिल्या काही तासांतच निसटतं. ढवळणं, काचेच्या बशीत ओतणं, रात्रभर ओव्हनमध्ये वाळवणं, हे सगळं बिनबोभाट होतं.

खरी परीक्षा सकाळी. चिमट्याने कड उचलायची. ती श्वास रोखते, मीही. पहिली फिल्म मधोमध फाटली. दुसरीत बुडबुडा. तिसरीत मातीची गुठळी. चौथी सुटली, लालसर, उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसावी अशी.

"बारातल्या तीन धड निघतात," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं.

मग त्या तिन्हींचे तुकडे ३७ अंशांच्या द्रावणात. ठरलेल्या वेळी थोडं द्रावण काढायचं, तेवढंच ताजं घालायचं, रंगावरून सुटलेलं औषध मोजायचं. एका भांड्याचा सामू रक्तासारखा ७.४, दुसऱ्याचा गाठीभोवती असतो तसा किंचित आम्लधर्मी; तिथे कायटोसान जास्त फुगतं. असे ७२ तास. दोन खुर्च्या जोडून ती तिथेच झोपते. आलेख सुरेख येतात, शोधनिबंधही निघतात. पण बारातल्या तीन हा आकडा त्यांत कुठे छापत असतील, असं मला वाटत नाही.

मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत ठेवायच्या औषधी चकत्यांना अमेरिकेत १९९६ सालीच मान्यता मिळाली. त्या हिच्या फिल्मसारख्या पाण्यात फुगणाऱ्या हायड्रोजेलच्या नाहीत, पण कल्पना हीच: औषध जागेवरच ठेवायचं.

हिची फिल्म अजून उंदरापर्यंतही पोचलेली नाही.