रोग होऊन गेल्यावर : प्रतिपिंडे किती काळ टिकतात?

इसवी सनापूर्वी ४३० च्या सुमारास अथेन्स नगरीत मोठी साथ आली. थ्युसिडिडीस हा इतिहासकार स्वतः त्या दुखण्यातून उठलेला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, रोगातून वाचलेले लोकच रोग्यांची काळजी निर्धास्तपणे घेत. कारण तोच रोग पुन्हा जडला तरी प्राणावर बेतत नसे. जंतू म्हणजे काय हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. परंतु शुश्रूषा करणाऱ्याला हवे असलेले उत्तर अनुभवाने दिले होते.

१९२० किंवा १८२० नव्हे, २०२० साली हाच प्रश्न जगातील रुग्णालयांपुढे पुन्हा उभा राहिला. करोना होऊन गेलेली परिचारिका पुन्हा कामावर निघाली, की घरची माणसे विचारणारच, "आता तुला पुन्हा तर होणार नाही ना?" काही ठिकाणी तर 'हा मनुष्य आता निर्धोक आहे' असे दाखले देण्याची भाषा सुरू झाली. अशा दाखल्यांना अद्याप पुराव्याचा आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्या एप्रिलमध्ये बजावले. पुरावा मिळवायचा तर त्याच माणसांचे रक्त महिनोन्‌महिने तपासावे लागते. रुग्णालयातील नोकरवर्ग या कामी सोयीचा. तो रोज रोगाच्या तोंडी असतो आणि तपासणीला हाताशीही असतो.

इंग्लंडात ऑक्सफर्डच्या रुग्णालयांनी हे काम केले. त्यांचा निष्कर्ष समजून घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपण 'प्रतिपिंडे' असा एकच शब्द वापरतो, पण विषाणूच्या वेगवेगळ्या भागांविरुद्ध शरीर वेगवेगळी प्रतिपिंडे तयार करते. काही त्याच्या आतील, गाभ्याला लगडलेल्या प्रथिनाविरुद्ध असतात. काही बाहेरच्या काट्यांविरुद्ध. पेशीत शिरण्यासाठी विषाणू काट्यांचाच उपयोग करतो, तेव्हा त्याला दारात अडविण्याचे काम मुख्यतः दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे करतात.

ऑक्सफर्डमध्ये ३,२७६ कर्मचाऱ्यांच्या रक्ताचा हिशेब मांडण्यात आला. आतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे, विषाणूची चाचणी होकारार्थी आल्यापासून सुमारे २४ दिवसांनी शिगेला पोचत, आणि मग ओसरू लागत. त्यांचे अर्धायुष्य ८५ दिवस भरले. म्हणजे शंभर होती ती तीन महिन्यांच्या आत पन्नास, सहा महिन्यांच्या आत पंचवीस. ज्याची मुळातच थोडी होती, त्याची चाचणी लवकरच नकारार्थी येई आणि त्याला वाटे, आपले कवच गळून पडले. उलट, काट्याविरुद्धची प्रतिपिंडे १८० दिवसांनंतरही ९४ टक्के लोकांत आढळत होती. २०२० साली 'प्रतिपिंडे दोन महिन्यांत नाहीशी होतात' अशा बातम्यांनी पुष्कळांची झोप उडाली. त्या वेळी कोणती प्रतिपिंडे मोजली, हे विचारण्याचे भान फारच थोड्यांना राहिले.

पण रक्तात काही सापडणे वेगळे आणि रोगापासून बचाव होणे वेगळे. तेही तेथेच पडताळून पाहिले गेले. प्रतिपिंडे नसलेल्या ११,३६४ कर्मचाऱ्यांपैकी २२३ जणांना पुढे संसर्ग झाला. प्रतिपिंडे असलेले १,२६५ होते. त्यांतील केवळ दोघांना झाला, आणि चाचणीच्या वेळी दोघांनाही काही लक्षणे नव्हती. देखरेखीचा काळ, वय वगैरे सर्व फरक हिशेबात घेऊनही धोका नवव्या हिश्श्यावर आला होता. ही देखरेख ३१ आठवड्यांपर्यंतची होती, हे मात्र विसरून चालणार नाही.

प्रतिपिंडे आधी भराभर उतरतात आणि मग रेंगाळतात, ते का? संसर्गाच्या ऐन भरात ती तयार करणाऱ्या पेशी हंगामी मजुरांसारख्या असतात. काम सरले की त्यांतील बहुतेक मरून जातात. थोड्या पेशी अस्थिमज्जेत जाऊन कायमचे बिऱ्हाड करतात आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा माल पुरवीत राहतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांना करोनातून उठलेल्यांच्या अस्थिमज्जेत अशा पेशी सात-आठ महिन्यांनंतर सापडल्या. त्यांचा लेख २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनाही प्रतिपिंडे पहिल्या चार महिन्यांत झपाट्याने आणि पुढे सावकाश उतरताना दिसली. अकराव्या महिन्यातही ती शिल्लक होती.

एवढे सारे जुळले, आणि २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला. त्याचे काटे इतके बदललेले होते की जुन्या प्रतिपिंडांना ते नीट पकडता येईनात. प्रतिपिंडे रक्तात होती तशीच होती, तरी परिचारिका आणि डॉक्टर पुन्हा आजारी पडू लागले. कुलूप बदलले, किल्ली तीच राहिली. तरीही बहुतेकांचे दुखणे घरीच निभावले; त्यात लसीचा वाटा होता, तसा टी पेशींचाही. या पेशी काट्यावरच अवलंबून राहत नाहीत, विषाणूच्या इतर भागांचीही ओळख ठेवतात. सिंगापूरमध्ये २००३ च्या सार्स रोगातून बरे झालेल्यांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी आढळल्या, आणि त्यांतील काहींनी या नव्या करोनाचे आतील प्रथिनही ओळखले.